रिकामटेकडा नव्हतो, काम शोधत होतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र वाचलं. कोल्हापुरातली रिकामटेकडी पोरं गाड्या भरून गोव्याला जातात, कॅसिनोत पैसे उधळतात, कारण त्यांना घाम गाळायला नको असतो, असं त्यांनी लिहिलं होतं. त्या पोरांतला मी एक आहे. माझं वय ३३. सहा वर्षं व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातूकामाच्या मशीनवर सेटर होतो. ज्या काळात मी तीनदा गोव्याला गेलो, त्याच काळात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत धरून ३४ ठिकाणी बायोडाटा दिला. पत्रलेखकांना राग येणं बरोबरच आहे, माझ्या वडिलांनाही आला. पण आळशी पोरगंच त्या टेबलाकडे जातं असं धरून चाललात, तर रोज सकाळी डबा घेऊन नोकरी शोधायला बाहेर पडणाऱ्या आपल्या मुलावर कुणाचं लक्षच जाणार नाही. म्हणून लिहितोय.

माझी नोकरी जून २०२५ मध्ये गेली. एक्स्पोर्टच्या ऑर्डरी आटल्या म्हणून आम्हा अकरा जणांना थांबवलं. पगार १८,००० होता. जुलैअखेर ग्रॅच्युइटी जमा झाली, ४८,४६१ रुपये. हा आकडा पाठ आहे, कारण पहिल्या रात्री मी तो पासबुकात चार-पाच वेळा बघितला होता. डोक्यावर पतसंस्थेचा ६,५०० चा हप्ता, मुलाची दुसऱ्या सत्राची फी ९,०००. बायको घरी शिवणकाम करते, त्यात किराणा भागतो.

पोकर मला आधीपासून येत होतं. शिफ्ट सुटल्यावर मोबाईलवर अगदी छोट्या रकमेचं खेळायचो आणि वहीत हिशेब ठेवायचो. प्रत्येकाला दोन पत्ते, मधे सगळ्यांचे मिळून पाच, त्यावर बोली. शिकायला सोपा, पण खेळ खोल आहे. वहीप्रमाणे दोन वर्षांत मी थोडा फायद्यात होतो, हे मी लपवत नाही. ऑगस्टमध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि अ‍ॅपवरचे पैशाचे डाव थांबले. मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं होतं. मग गणपती झाल्यावर तालमीतल्या एका मित्राचा फोन आला. "भावा, तुझा हात चांगला हाय. अ‍ॅप गेलं तर जाऊ दे, समोरासमोर खेळू की."

मांडवी नदीत उभ्या असलेल्या त्या कॅसिनोच्या बोटींवर जाताना मला पहिल्यांदा जे जाणवलं ते पैशाबद्दलचं नव्हतं. दारातच मला 'सर' म्हणाले. टेबलावर मला सहा नंबरची खुर्ची मिळाली, पाणी आलं, चहा आला. कुणी विचारलं नाही की कामाचं काय झालं. तीन महिने मी ज्या ज्या दारात उभा राहिलो होतो, तिथं वॉचमननं केबिनच्या खिडकीतून फाईल घेतली होती आणि "कळवतील" म्हणून सांगितलं होतं. गल्लीत कुणी भेटलं की पहिला प्रश्न तोच. घरी जेवताना कुणी विचारत नव्हतं, पण सगळे विचारत नाहीत हेच ताटात वाढल्यासारखं वाटायचं.

आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. नोकरी शोधताना उत्तर मिळत नाही. ३४ बायोडाटांपैकी पाच ठिकाणी ट्रायल झाली, त्यातल्या तीन ठिकाणांहून हो आलं नाही आणि नाहीही आलं नाही. पोकरच्या टेबलावर दोन मिनिटांत निकाल लागतो. हरलो तरी हरलो हे कळतं. बेकार माणसाला पैशाची भूक असतेच, पण त्याआधी त्याला कुठून तरी उत्तर हवं असतं. हे मी ज्येष्ठ पत्रलेखकांना हात जोडून सांगतो, कारण ज्यानं महिनोन् महिने फोनची वाट बघितली नाही त्याला हे सुचणार नाही.

पहिल्या खेपेला मी २०,००० घेऊन बसलो आणि ४३,००० घेऊन उठलो. वरच्या २३,००० मधून दोन हप्ते आणि मुलाची फी भरली. बायकोला सांगितलं, उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये आठवडाभर ठेक्यावर काम मिळालं होतं. तिनं फीची पावती देवापुढं ठेवली. ती पावती तिथं बघूनही मी दुसऱ्यांदा गेलो, ही माझी सगळ्यात मोठी चूक.

आता हिशेब सांगतो, कारण 'पोकर हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे' हे वाक्य आमच्या सगळ्यांच्या तोंडी असतं. न्यायालयांतही हा वाद झालेला आहे. रमी कौशल्याची, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६७ सालीच म्हटलं होतं, आणि पोकर नशिबाचं, असं गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये. मी त्या वादात पडत नाही. समजा कौशल्याचाच आहे. माझ्या टेबलावर शंभर-दोनशेची सक्तीची बोली होती, पाळी आली की एकदा शंभर आणि एकदा दोनशे टाकावेच लागायचे. म्हणजे नऊ जणांची एक फेरी फिरली की पत्ते बघून नुसते टाकून दिले तरी ३०० रुपये गेले. तासाला साधारण २७ डाव होतात, म्हणजे तीन फेऱ्या. तासाला ९०० रुपये फक्त बसायचे. शिवाय जिंकलेल्या डावातून कॅसिनो आपला टक्का कापून घेतं तो वेगळा. माझा १८,००० पगार २६ दिवस, आठ तासांनी भागला तर तासाला ८६ रुपये पडतात. तिथं एक तास गप्प बसायला मला मशीनसमोर दहा तास उभं राहावं लागतं. चांगला खेळाडू म्हणजे गप्प बसून वाट बघू शकणारा. ज्याच्या खिशात हप्त्याचे पैसे आहेत त्याला वाट कशी बघता येईल?

दुसऱ्या खेपेचा एक डाव सांगतो. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार, नवरात्र चालू होतं. माझ्या हातात दोन राण्या. मधे नव्वी, छक्की, दुर्री पडली, मग चौकी. डावात १४,००० साठलेले. समोरच्यानं १८,००० पुढं ढकलले. माझ्यापुढेही बरोबर तेवढेच उरले होते. गणित मला येत होतं. ५०,००० च्या डावासाठी १८,०००, म्हणजे शंभरात ३६ वेळा मी बरोबर असलो तरी बसतं. आणि त्याचा खेळ बघता मी त्याहून पुष्कळ जास्त वेळा बरोबर होतो. अ‍ॅपवर दोनशे रुपयांसाठी मी डोळे झाकून पैसे लावले असते. पण पुढ्यातल्या चिपांकडे बघितलं आणि मला १८,००० म्हणजे एक महिना दिसला. सहाची पहिली शिफ्ट, कूलंटचा वास, हातात रुतलेले धातूचे बारीक बर, तो अख्खा महिना. मी पत्ते टाकले. त्यानं हसत आपले पत्ते उलटे केले. अठ्ठी आणि सत्ती. सलग पाच पत्ते जुळायला त्याला शेवटी पंजी नाहीतर दश्शी यायला हवी होती, उरलेल्या ४४ पत्त्यांत फक्त आठ. शंभरातल्या ८२ वेळा तो डाव माझा होता.

माझं कौशल्य तेव्हाही डोक्यात होतंच. ते वापरायची मुभा गरजेच्या पैशानं मला दिली नाही. ज्याला हरणं परवडतं त्यालाच तो खेळ नीट खेळता येतो आणि ज्याला जिंकण्याची गरज असते त्याचे हात बांधलेले असतात. हे मी तिथंच ओळखून उठायला हवं होतं. त्याऐवजी मला राग आला, त्याच्यावर नाही, स्वतःच्या भित्रेपणावर. पुढच्या तासाभरात नको त्या पत्त्यांवर ते १८,००० घालवले. मग ग्रॅच्युइटीतले आणखी २०,००० काढले, तेही गेले. सगळं धरून ती खेप ४०,००० ला पडली.

सोमवारी दहा वाजता कागलला माझी ट्रायल होती. त्यासाठी रविवारी सकाळीच परतायचं ठरलं होतं. मीच मित्रांना रविवारची रात्र थांबवून घेतलं, गेलेले पैसे काढायचे म्हणून. खेळायला पैसे उरलेच नव्हते, मी दुसऱ्यांच्या खुर्चीमागं उभा होतो. रात्री दोनला निघालो, आंबोलीत धुकं होतं, सात वाजता घरी पोहोचलो. अंघोळ करून तसाच गाडी काढून कागल गाठलं.

त्यांनी ड्रॉइंग दिलं, अवघड काही नव्हतं. सहा वर्षांत असे शेकडो जॉब लावलेत. टूलच्या लांब्या भरताना मी लांब ड्रिलच्या जागी आखूड कटरची लांबी भरली, त्यामुळे मशीनला ड्रिल आहे त्याहून आखूड वाटलं. सायकल स्टार्ट दाबलं, ड्रिल सपकन खाली आलं आणि जॉबवर आदळून मोडलं. त्या आवाजानं शेजारच्या मशीनवरची पोरं वळून बघायला लागली. सुपरवायझर माझ्याहून लहान होता. ओरडला नाही. "झोप झाली नाही का?" एवढंच म्हणाला. पगार २२,००० ठरणार होता, बसची सोय होती, कॅन्टीन होतं. तिथं मात्र मला लगेच उत्तर मिळालं.

तिसऱ्या खेपेबद्दल फार लिहवत नाही. आईची भिशी आहे, गल्लीतल्या बारा बायका, महिना २,५०० रुपये. दिवाळीला तिचा नंबर लागला, ३०,००० आले. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिनं ते ठेवले होते. बँकेत ठेवतो म्हणून मी ते घेतले. मोटारसायकल विकून आणखी ३०,००० केले. नोव्हेंबरात एका रात्रीत ६०,००० गेले. तिन्ही खेपांचा हिशेब ७७,००० चा तोटा, प्रवेशाचे आणि गाडीचे पैसे वेगळे. मग ट्रायलसाठी केएमटीच्या बसनं जावं लागायचं, तेव्हा बाबांनी विचारलं, गाडी कुठं आहे. त्या दिवशी मी सगळं सांगितलं. बाबांनी सगळी उमर फाउंड्रीत मोल्डिंग केलं. ते काही बोलले नाहीत, उठून गच्चीवर गेले. आई म्हणाली, "मला मागून घेतले असतेस तर मी दिले नसते. म्हणून खोटं बोललास."

त्याच रात्री साडेअकराला मी १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर लावला. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. पलीकडच्या बाईंनी मला आळशी म्हटलं नाही आणि बिचाराही म्हटलं नाही. जुगाराचं व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत नोंदलेला विकार आहे आणि त्यावर उपचार होतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. पैशाचा व्यवहार काही महिने बायकोकडे द्या, असं त्यांनी सुचवलं. आज माझं कार्ड आणि मोबाईलवरचं पैशाचं अ‍ॅप दोन्ही तिच्याकडे आहे.

आता माझं मागणं. गोव्यानं २०२० पासून आपल्या स्थानिक लोकांना कॅसिनोच्या जुगाराच्या जागेत बंदी केली आहे. त्यांनी त्यांची पोरं जपली. महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनोचा कायदा कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला, त्यामुळे इथं कॅसिनो येणार नाही याचं आपल्याला समाधान वाटतं. पण सावंतवाडीच्या पलीकडं ते आहेतच, आणि चार-पाच तासांच्या रस्त्यावर आपल्या पोरांना अडवणारं कुणी नाही. निदान एक गोष्ट आपल्या हातात आहे, संपादक साहेब. आपल्या अंकात 'पाहिजेत'च्या छोट्या जाहिराती येतात, त्याच पानावर 'गोवा वीकेंड, कॅसिनो प्रवेशासह' अशी चौकट मी पाहिली आहे. ते पान कोण वाचतं, हे मी सांगायला नको. मी ते रोज पेन्सिल घेऊन वाचायचो. ती चौकट त्या पानावरून काढा.

आणि कारखानदारांना एक विनंती. ट्रायल घेतल्यावर चार दिवसांत हो किंवा नाही, एक मेसेज करा. उत्तर 'नाही' असलं तरी चालेल. माणूस दुसऱ्या दारात जायला मोकळा होतो.

डिसेंबरपासून मी उद्यमनगरात एका छोट्या वर्कशॉपमध्ये आहे, १५,००० वर. दर महिन्याच्या पाच तारखेला बायको आईच्या हातात २,५०० ठेवते. दोन झाले, दहा राहिलेत. बाबांचं ऑपरेशन उधारीवर करायला ते तयार नाहीत, पैसे पुरे झाल्यावर करू म्हणतात. रोज संध्याकाळी पेपर मी वाचून दाखवतो. हे पत्र छापलंत तर हेही मलाच वाचून दाखवावं लागेल आणि मी दाखवीन.

नाव छापू नये. पण फोन नंबर सोबत जोडला आहे. नोकरी शोधणारा कुणी मुलगा किंवा त्याची आई-बायको आपल्याकडे चौकशी करेल, तर तो त्यांना जरूर द्यावा. रविवारी मला सुट्टी असते.

आपला,
एक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर