त्यात तंबाखू नसते म्हणे

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या वेपवरून, म्हणजे त्या ई-सिगारेटच्या नळीवरून, फोनवर म्हणालास, "आई, त्यात तंबाखू नसते, नुसती वाफ असते." पहिलं अर्धं खरं आहे. तंबाखूचं पान त्यात नसतं. पण वाफही नसते. पाणी उकळलं की निघते ती वाफ. तू ओढतोस तो एका चिकट द्रवाच्या अतिसूक्ष्म थेंबांचा फवारा आहे, आणि पानातून वेगळं काढलेलं निकोटिन त्यात मिसळलेलं असतं. म्हणजे पान टाकून दिलं आणि ज्याची सवय लागते ते ठेवलं. फोनवर मी बोलायला लागले की तू "हो हो" म्हणत दुसरीकडे बघतोस, म्हणून लिहिते आहे. औषधांच्या दुकानात उभी राहणारी आई असल्यावर पत्रात मिलिग्रॅम येणारच.

आधी त्या नळीच्या पोटात काय आहे ते बघ. एक लिथियम बॅटरी, तारेचं एक वेटोळं म्हणजे कॉइल, त्याभोवती कापूस, आणि कापसात मुरलेला द्रव. द्रवात प्रोपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वास-चवीची रसायनं आणि निकोटिन. पहिली दोन नावं तुला खोकल्याच्या औषधांच्या बाटलीवरही सापडतील आणि मित्र तेच दाखवून सांगतील की बघ, पोटात जातंच की! पोटात जातं, बाबा. चवीच्या रसायनांना खाण्यालायक म्हणून जी मान्यता मिळते, ती पचनसंस्थेसाठी. तापवून फुप्फुसात ओढण्यासाठी ती तपासणी झालेलीच नसते. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या पॉपकॉर्न कारखान्यातले कामगार २००० साली श्वासनलिकांच्या कायमच्या आजाराने पकडलेले आढळले. कारण होतं लोण्याच्या वासाचं डायअॅसिटिल. खाल्लं तर काही होत नाही, हुंगत राहिलं तर बारीक श्वासनलिका आखडून बंद होतात. वेपच्या काही गोड चवींमध्ये हेच रसायन सापडलेलं आहे.

कापूस कोरडा पडला की जळकट चव येते, ती तू घेतली असशीलच. त्या वेळी तारेचं तापमान भसकन वाढतं आणि ग्लिसरीन फुटून अॅक्रोलिन तयार होतं. फोडणीचं तेल जास्त तापलं की घरभर धूर होऊन डोळे झोंबतात, खोकून खोकून जीव जातो, त्या धुरातही तेच असतं. स्वयंपाकघरात आपण खिडकी उघडतो. तू ते तोंड लावून आत ओढतोस. शिवाय फॉर्मल्डिहाइड, आणि तारेतून सुटणारं निकेल, क्रोमियम. विडी-सिगारेटच्या धुरापेक्षा यातली विषारी द्रव्यं संख्येनं आणि प्रमाणानं कमी आहेत, हे मी लपवणार नाही. पण तू विडी सोडून याकडे आलेला नाहीस. तू मोकळ्या हवेवरून याकडे आलास.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे तंबाखू ओढण्यापेक्षा खातात जास्त. तळहातावर तंबाखू घेऊन चुना लावून का मळतात, कधी विचार केलास? चुन्याने तंबाखू अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, होते, निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात शिरतं. चुना नसेल तर तंबाखूचा बार लागतच नाही. पण असं मोकळं निकोटिन धुरातून किंवा फवाऱ्यातून घशाला लागलं की घसा खरवडतो, नवशिका खोकतो आणि तिथेच थांबतो. वेपवाल्यांनी नेमकं उलटं केलं. निकोटिनमध्ये बेंझोइक आम्ल घातलं आणि त्याचं क्षार-रूप (सॉल्ट) केलं. आम्लामुळे घशाची खरवड गेली. फुप्फुसाचं क्षेत्रफळ इतकं मोठं की तिथून निकोटिन तरीही रक्तात जातंच. वर थंडगार मेंथॉल घातलं की उरलीसुरली टोचणीही कळत नाही. म्हणून ५ टक्के, म्हणजे मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम इतकं कडक निकोटिन तुला आंब्याच्या सरबतासारखं लागतं. हा चुन्याचा आणि आम्लाचा मुद्दा लक्षात ठेव, पुढे सुटण्याच्या वेळी पुन्हा लागणार आहे.

हिशेब करू. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात एका सिगारेटमागे साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम निकोटिन जातं. तुझ्या नळीत १० मिलिलिटर द्रव आणि ५ टक्के निकोटिन असेल तर एकूण ५०० मिलिग्रॅम झालं. त्यातलं निम्मंच शरीरात पोचलं असं धरलं तरी ते दीडशेहून जास्त सिगारेटी भरतं. ती नळी तुला किती दिवस पुरते, याचं उत्तर मला देऊ नकोस, स्वतःला दे. आणि वेष्टणावरच्या आकड्यावर विसंबू नकोस. आपल्या देशात हा माल विकणंच बेकायदा असल्यामुळे तो आकडा तपासणारं कोणी नाही. 'शून्य निकोटिन' लिहिलेल्यातही ते निघतं.

विडी विझते. बार थुंकावा लागतो. पुडी रिकामी होते. प्रत्येकाला शेवट आहे, त्यामुळे माणूस निदान "आज चार झाल्या" असं म्हणू शकतो. याला शेवटच नाही. उशीखाली ठेवलं, दोन झुरके मारले, परत ठेवलं. ना वास, ना राख, ना लाल थुंकी. सवय वाढलेली घरच्यांना कळत नाही हे तर झालंच, ओढणाऱ्यालाही कळत नाही.

एक प्रश्न विचारते, खरं उत्तर दे. सकाळी डोळे उघडल्यावर पहिला झुरका किती वेळाने? पाच मिनिटांच्या आत असेल तर पकड घट्ट आहे. अर्ध्या तासाच्या आत असेल तरी कमी नाही. कारण सरळ आहे: रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. आठ तास झोपलास की सोळावा हिस्सा उरतो आणि मेंदू ओरडायला लागतो. झुरका मारल्यावर निकोटिन मेंदूपर्यंत पोचायला १० ते २० सेकंद पुरतात. तिथे ते डोपामिन हे बरं वाटायला लावणारं रसायन सोडायला लावतं, आणि रोज तेच झालं की मेंदू त्याला धरून ठेवणाऱ्या जागाच वाढवतो. मग त्या जागा रिकाम्या राहिल्या की चिडचिड, हुरहूर, अभ्यासात लक्ष न लागणं. "टेन्शन आलं की ओढतो, बरं वाटतं" असं म्हणतोस ना? ते टेन्शन निम्मं त्या रिकाम्या जागांचंच असतं. पेपरचं टेन्शन तसंच राहतं. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालते, त्यामुळे तुझ्या वयात ही सवय लवकर रुजते आणि उशिरा निघते.

शरीराचं थोडक्यात. नाडी आणि रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आकसतात. श्वासनलिकेतले बारीक केस कफ झाडून वर आणतात, ते मंदावतात, म्हणून सकाळचा खोकला. तोंड कोरडं पडतं, हिरड्या खराब होतात. झोप तुटते. २०१९ मध्ये अमेरिकेत वेपमुळे फुप्फुसाला इजा होऊन फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, मृत्यू ६८. त्यातला मुख्य दोषी होता गांजाच्या अर्काच्या द्रवात घातलेला व्हिटॅमिन ई अॅसिटेट. साध्या निकोटिनच्या वेपवर तो आळ जसाच्या तसा घालणं बरोबर नाही. पण धडा असा की बाटलीत कोणी काय घातलं ते ओढणाऱ्याला कळलंच नाही. छातीत एका बाजूला अचानक दुखलं, धाप लागली, तापाबरोबर खोकला आला, वेपनंतर उलट्या-जुलाब झाले, तर थांबू नकोस. डॉक्टरांकडे जा आणि "मी वेप करतो" हे पहिल्या वाक्यात सांग. ते लपवलं की न्यूमोनिया समजून उपचार सुरू होतात.

तू म्हणशील, इंग्लंडमध्ये डॉक्टरच वेप सुचवतात. सुचवतात, पण वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्याला, ती सुटावी म्हणून. तिथे मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर निकोटिन चालत नाही, अठराच्या खालच्याला विकता येत नाही, आणि १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या नळ्या विकायलाच बंदी आहे. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात, सगळंच बंद. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून सांगते, खोलीवरच्या पोरांसाठी तू पाच-सहा नळ्या मागवून ठेवायच्या आणि वाटायच्या, हे अजिबात करू नकोस. त्याला मैत्री म्हणत नाहीत, वाटप आणि साठा म्हणतात.

आता सोडायचं कसं. दिवस नीट निवड. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरोघरी पत्त्यांचे डाव बसतात, हातात पत्ते आणि शेजारी "घे रे भो, एकच" म्हणणारा, तेव्हा तर मुळीच नको. परीक्षेच्या आठवड्यातही नको. गुरुवारी रात्री शेवटचा झुरका घे. सगळ्यात जड असतात दुसरा आणि तिसरा दिवस, ते शनिवार-रविवार येतील. शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीने घरी ये. चिडलास तर आमच्यावर चीड, खोलीतल्या मित्रावर नको. पुढे दोन ते चार आठवड्यांत हुरहूर ओसरते. भूक वाढेल, थोडं वजन वाढेल, पोट जड राहील. दादर ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि पाणी, एवढ्यावर ते निभावतं.

निकोटिनचा च्युइंगम घे. सिगारेटवाल्यांसाठीचा नियम वेपलाही लावतात: उठल्यापासून अर्ध्या तासात पहिला झुरका लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, नाहीतर २. ४ मिलिग्रॅमचा घेण्याआधी डॉक्टरांना विचार. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला निदान नऊ, आणि चोवीसच्या वर कधीच नाही. पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, मग तीन आठवडे चार ते आठ तासांनी. लोक हरतात ते इथेच: दिवसाला दोन-तीन खातात, भागत नाही, आणि म्हणतात गम काही कामाचा नाही.

दुसरी चूक चावण्याची. हा फुगे काढायचा गम नाही. भराभर चावलास तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, यकृत त्याचा बराचसा भाग मोडून टाकतं, तुझ्या वाट्याला उचक्या आणि जळजळ येते. हळू चाव, मिरीसारखी चुरचुर लागली की थांब, गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेव. चुरचुर गेली की परत दोन-चार वेळा चाव, जागा बदल. असा अर्धा तास. आणि आता तो चुन्याचा मुद्दा: गमही मुद्दाम अल्कधर्मी केलेला असतो, त्याचं निकोटिनही गालातूनच जातं. म्हणून आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सोडा, कोल्ड्रिंक काही नाही. आंबट तोंडात गम वाया जातो. कॉलेजच्या कट्ट्यावर चहासोबत गम खाल्लास तर पैसे आणि दिवस दोन्ही गेले. गमने भागलं नाही तर डॉक्टर पॅच (कातडीवर चिकटवायची निकोटिनची पट्टी) किंवा गोळ्या देतील. कधी फिट आली असेल तर त्यातली बुप्रोपिऑन चालत नाही. तुला कधी आली नाही हे मला माहीत आहे, पण तुझ्या मित्रांना माहीत असू दे.

तल्लफ उठते ती तीन ते पाच मिनिटांची असते. तेवढा वेळ जागा बदल, पाणी पी, बडीशेप किंवा ओवा चघळ, जिना उतर. हाताला चाळा लागतो हे खरं आहे, कारण तुझी सवय हातालाही जडली आहे, पेन फिरव. पण एक कर, या पाच मिनिटांत कोणी पुढे केलेली तंबाखूची चिमूट घेऊ नकोस. आपल्या भागात हीच घसरण होते: एक निकोटिन सोडताना दुसरं धरतात, आणि ते तोंडाच्या कॅन्सरचं. एखादा झुरका चुकून घेतलास तर गम बंद करू नकोस, त्याच दिवशी परत सुरू कर. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन फुकट लागतो, आई-बापाशी न बोलवणारं तिथे बोल.

नळी घरी आणताना गाडीच्या डिक्कीत टाकू नकोस. भुसावळ-जळगावच्या उन्हात पारा पंचेचाळीसला टेकतो, लिथियम बॅटरी फुगते, पेटतेही. घंटागाडीत तर नकोच, कचरा दाबताना तिथे आग लागते. उरलेल्या द्रवाला हात लावू नकोस, तो कातडीतूनही भिनतो, आणि तान्ह्या लेकराने थोडा जरी गिळला तर जिवावर बेततं. सुटीत घरी भाचे-पुतणे असतात. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून माझ्या हातात दे, ई-कचऱ्यात घालायचं मी बघते. कुठून आणली, कोणी दिली, विचारणार नाही.

गमची दोन पाकिटं केळीच्या वेफर्सच्या डब्याखाली बांधून पाठवते आहे. वेफर्स आधी संपव, गम गुरुवारनंतर उघड.

तुझी,
आई