टिळकांचा जामीन आणि न्यायमूर्ती तय्यबजी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लोकमान्यांच्या पुण्यतिथीच्या सुमारास १९०८ सालच्या राजद्रोहाच्या खटल्याची आठवण दरवर्षी निघते आणि ती निघायलाच हवी. त्या खटल्यातील टिळकांचे उद्गार कोरलेल्या फलकाचे मुंबई उच्च न्यायालयात १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते अनावरण झाले, त्यामुळे ती घटना विस्मरणात जाण्याची भीती नाही. परंतु त्याच न्यायालयाने १९०८ च्या अकरा वर्षे आधी, १८९७ मध्ये, टिळकांना दिलेल्या जामिनाविषयी क्वचितच कोणी लिहिते. तो जामीन देणारे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी हे आधी वकील, मग कायदेमंडळाचे सदस्य आणि शेवटी न्यायाधीश झाले होते. राजकारणात वावरलेल्या माणसाला न्यायासनावर बसवूच नये, असे आज सरसकट बोलले जाते; तसे बोलणाऱ्यांनी तय्यबजींचे उदाहरण विचारात घ्यावे, एवढ्यासाठी हे पत्र.

तय्यबजींचा जन्म १८४४ चा, सुलेमानी बोहरा व्यापारी घराण्यातला. थोरले बंधू कमरुद्दीन सॉलिसिटर झाले होते. त्यांच्या पाठोपाठ बद्रुद्दीन १८६० मध्ये शिक्षणासाठी विलायतेला गेले. डोळ्यांच्या दुखण्याने १८६४ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पुढच्या वर्षी ते पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबई उच्च न्यायालयातील पहिले भारतीय बॅरिस्टर म्हणून उभे राहिले.

१८८२ मध्ये सरकारने त्यांना मुंबई कायदेमंडळावर नेमले. आजच्या आमदारकीशी या सदस्यत्वाची तुलना करण्यात अर्थ नाही. १८६१ च्या कायद्याखालच्या या मंडळात समोर आलेल्या विधेयकावर बोलण्यापलीकडे सदस्याला फारसे काही करता येत नसे. प्रश्न विचारण्याची मुभासुद्धा १८९२ नंतरची. त्यांचे खरे राजकारण सभागृहाबाहेर झाले. भारतीय न्यायाधीशांना युरोपियन आरोपींचे खटले चालवण्याचा अधिकार देऊ पाहणाऱ्या इल्बर्ट विधेयकाच्या बाजूने १८८३ मध्ये टाउन हॉलच्या सभेत ते बोलले, फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्यासह १८८५ मध्ये त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन ही राजकीय संस्था काढली आणि १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. म्हणजे १८९५ मध्ये ते न्यायाधीश झाले, तेव्हा त्यांची मते कोणापासून लपलेली नव्हती.

दोनच वर्षांनी त्या मतांची कसोटी लागली. २७ जुलै १८९७ रोजी ‘केसरी’तील लेखनाबद्दल राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना मुंबईत अटक झाली. दंडाधिकाऱ्यांनी जामीन नाकारला, उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढेही अर्ज फेटाळला गेला. रानड्यांना यात दोष देण्याची घाई मी करणार नाही. त्या वेळी खालच्या न्यायालयातली चौकशी पुरी व्हायची होती. खटला सत्र न्यायालयाकडे सोपवला गेल्यावर ४ ऑगस्टला तय्यबजींपुढे पुन्हा अर्ज आला आणि त्यांनी तो मंजूर केला. त्यांचे म्हणणे साधे होते: जामिनाचा हेतू आरोपी खटल्याला हजर राहील एवढी खात्री करून घेण्याचा असतो, महिनाभर कोठडीत काढून हा माणूस शेवटी निर्दोष ठरला, तर न्यायाचाच पराभव होईल. टिळकांच्या लेखनाविषयी मत देण्याची गरज त्यांना वाटली नाही. हीच गोष्ट मला फार मोलाची वाटते. वकिलीतल्या उमेदवारीच्या काळात आमच्या ज्येष्ठांनी जामिनाचे तत्त्व शिकवले ते याच शब्दांत, फक्त तय्यबजींचे नाव न घेता.

त्या अर्जावर टिळकांच्या बाजूने युक्तिवाद करणारे वकील होते दिनशा दावर. १९०८ मध्ये हेच दावर न्यायासनावर होते, समोर टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून महंमद अली जिना उभे होते, आणि दावरांनी जामीन तर नाकारलाच, कारणे देण्याचेही टाळले. काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवलेल्या तय्यबजींनी मात्र आपल्या आदेशाची कारणे सर्वांसमोर मांडली होती.

एका उदाहरणावरून नियम निघत नाही, हे मला मान्य आहे. त्या काळी पक्षाचे तिकीट नव्हते, निवृत्तीनंतरच्या पदाची आशा नव्हती, आणि आजच्या नेमणुकांविषयीच्या शंका त्यातूनच येतात. तरीही न्यायाधीशाचा जुना पेशा विचारण्याऐवजी त्याने लिहिलेली कारणे वाचावीत, असा माझा आग्रह आहे. आपल्या दैनिकाने येत्या ४ ऑगस्टला तय्यबजींच्या त्या आदेशाचा मराठी अनुवाद छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वकील, मुंबई