बाबा, दार उघडं ठेवून

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बडोद्याच्या दांडिया बाजारातून कुणीतरी तुम्हाला फोनवर सांगितलं म्हणे, की तुमचा मुलगा चारचौघांत पोळ्या लाटत बसतो आणि त्याला कला म्हणतो. खरं आहे ते. राग आला असला तरी पत्र पुरतं वाचा.

सकाळी दहा ते संध्याकाळी सहा मी लोकांसमोर घरकाम करतो. कणीक मळतो, पोळ्या करतो, भांडी घासतो, फडकी पिळून दोरीवर टाकतो. बोलायचं नाही, मध्ये उठायचं नाही. पहिल्या दिवशी एक गृहस्थ बराच वेळ खुर्चीत बसून राहिले, मग शेजारच्या बाईंना विचारलं, "कार्यक्रम कधी सुरू होणार?" बाई म्हणाल्या, "सुरूच आहे की." त्या बाईंना काही समजावून सांगावं लागलं नाही.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. मिअर्ल लेडरमन युकेलीस या अमेरिकन बाईंनी मूल झाल्यावर, १९६९ साली, रोजची निगा-राखण हीच माझी कला, असा जाहीरनामा लिहिला. १९७३ मध्ये त्यांनी हार्टफर्डच्या संग्रहालयाच्या पायऱ्या लोकांदेखत धुतल्या. आपल्याच बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत शिकलेले निखिल चोप्रा वेश पालटून तासन्तास, कधी कित्येक दिवस, लोकांसमोर राहतात, चित्रं काढतात.

आणि बाबा, बालगंधर्वांच्या शालूबद्दल तुम्ही अजून भरभरून बोलता. पुरुष बाई झाला तर आपण त्याला डोक्यावर घेतलं. पुरुषाने पुरुष राहूनच भांडी घासली, की आपल्याला अवघडल्यासारखं का होतं?

भिंतीवर मी एकच कागद लावलाय. सरकारच्या २०१९ च्या पाहणीतले आकडे: घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ९७. तेही जे करतात ते. शंभरात जेमतेम सव्वीस.

त्या सव्वीसांत तुम्ही होतात, बाबा. आईला टायफॉइड झाला तेव्हा पहाटे उठून मऊ भात तुम्ही करायचात, तिची वेणीही घालायचात. तेल कोमट करून, गुंता हळूहळू सोडवत, तिला जरासुद्धा दुखू न देता. पण दाराला आतून कडी असायची, आणि बेल वाजली की कंगवा सदऱ्याच्या खिशात. इतकं मायेचं काम तुम्हाला लपवावं लागलं, याचा मला आजही राग येतो. तुमचा नाही, ज्यांच्यासाठी कडी लावावी लागली त्यांचा. मी जे करतोय ते तिथूनच आलंय.

पुढच्या रविवारी शेवटचा दिवस आहे. दोघंही या. आई, तू नुसती बस, कशाला हात लावू नकोस. बाबा, तुम्ही माझ्या शेजारी बसून लसूण सोलाल का? नको वाटलं तर आग्रह नाही.

तिकिटांचं ताई बघतेय, खालचे बर्थ मिळतील. येताना तिच्याकडची पितळी परात तेवढी आणा. इथली हलकी आहे, कणीक मळताना सरकते.

तुमचा मुलगा