मेणवलीच्या घाटावरच्या मंडळींचे आभार

गेल्या रविवारी आम्ही वाईजवळच्या मेणवलीला गेलो होतो. नाना फडणवीसांचा वाडा पाहून कृष्णेच्या घाटावर उतरलो. मेणेश्वराच्या देवळापाशी टांगलेली पोर्तुगीज घंटा सासूबाईंना बघायचीच होती. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा मिळालेल्या घंटांपैकी ही एक. घंटा मनसोक्त पाहून परतताना शेवाळलेल्या पायरीवरून आईंचा पाय सटकला. घोटा बघता बघता टम्म सुजला. घाट देखणा खरा, पण दुखऱ्या पायाने त्या दगडी पायऱ्या चढणं अशक्यच.

कपडे धुणाऱ्या दोघीजणी धुणं तसंच टाकून धावल्या. एकीने गाठोड्यातली सुती साडी टराटरा फाडली, पट्टी गार पाण्यात भिजवून घोट्याला घट्ट बांधली. "जुनीच हाय, राहू द्या," एवढंच म्हणाली. दुसरीने हाका मारून पोरं जमवली. कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, तिच्यात बसवून पोरांनी आईंना अलगद वर नेलं. "आजी, पालखीत बसलाय, जरा ऐटीत बसा" म्हणून हसवलंही! पुढे एका दादांनी टेम्पोतून वाईच्या दवाखान्यात सोडलं. पैसे पुढे केले तर सरळ हात जोडले.

हाड मोडलेलं नाही, नुसती मुरगळ आहे. ही मंडळी कुणाच्या ओळखीची असतील तर निरोप द्या: आई आता काठी घेऊन घरभर हिंडतात. आणि साडीवाल्या ताई, पुढच्या महिन्यात नवी साडी घेऊन येतोय. नको म्हणायचं नाही.