नळी काढल्यावर मुलाचा आवाज बसला असेल, तर आधी गळ्याची सोनोग्राफी करावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अतिदक्षता विभागात असलेल्या मुलाच्या हृदयाची, फुफ्फुसांची आणि रक्तदाबाची विचारपूस सगळेच करतात. त्याच्या स्वरतंतूंची मात्र सहसा कोणी करत नाही. अशा विभागात काम करणारा डॉक्टर म्हणून या दुर्लक्षित बाबीकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ज्या मुलाच्या छातीतील मोठ्या रक्तवाहिन्यांवर शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा ज्याच्या श्वासनलिकेत बरेच दिवस नळी होती, त्याला तोंडाने दूध सुरू करण्याआधी पलंगापाशीच गळ्याची सोनोग्राफी करून दोन्ही स्वरतंतू हलतात की नाही हे पाहण्याची पद्धत पडली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

स्वरतंतूंना हलवणारी नस मेंदूकडून सरळ स्वरयंत्रात येत नाही. ती आधी खाली उतरते आणि वळसा घालून पुन्हा गळ्यात चढते. उजवीकडे हा वळसा उजव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून असतो. डावीकडे मात्र ती पार छातीत, महाधमनीच्या कमानीखालून फिरते. जन्मानंतर आपोआप बंद व्हायला हवी अशी, गर्भावस्थेतली एक छोटी रक्तवाहिनी नेमकी तिच्या लगत असते. ती बंद न झाल्यामुळे बांधावी लागली, किंवा महाधमनीची कमान दुरुस्त करावी लागली, तर शल्यविशारद कितीही निष्णात असला तरी ही नस ताणली किंवा दुखावली जाऊ शकते. म्हणूनच अशा शस्त्रक्रियांनंतर लुळा पडतो तो बहुधा डावा स्वरतंतू. दोन्ही बाजू एकदम लुळ्या पडल्या असतील, तर कारण कधी कधी मेंदूत असते.

याची पहिली चाहूल बहुतेक वेळा पाळीवरच्या सिस्टरला लागते. नळी काढलेले बाळ तोंड उघडून, चेहरा लाल करून रडत असते, पण आवाज फुटत नाही, किंवा अगदी क्षीण, बसका येतो. एरवी नळीमुळे घसा सुजला असेल असे म्हणून ते सोडून दिले जाते. पुष्कळदा तसेच असतेही, आणि सूज खरोखरच गंभीर असू शकते. नवजात बाळाच्या स्वरतंतूंखालची श्वासाची वाट जेमतेम ४ ते ५ मिलिमीटर रुंद असते. ४ मिलिमीटरच्या वाटेत चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर व्यास निम्मा होतो आणि हवेला जागा पाव उरते. परंतु सुजेवर स्टेरॉइड आणि अ‍ॅड्रेनलिनची वाफ यांचा उपयोग होतो, लुळ्या स्वरतंतूवर होत नाही. त्यातच गिळताना स्वरयंत्र नीट मिटले नाही, तर दूध श्वासनलिकेत उतरते, आणि तान्ह्या बाळाला अशा वेळी ठसका लागेलच असे नाही. कारण न उमगलेला न्यूमोनिया, पुन्हा नळी, पुन्हा व्हेंटिलेटर, या फेऱ्यात अडकलेल्या काही मुलांचे मूळ दुखणे गळ्यात असते.

स्वरतंतू पाहण्याची प्रमाण पद्धत म्हणजे नाकातून घातलेली लवचीक दुर्बीण. तिचे महत्त्व मी कमी लेखत नाही. मात्र त्यासाठी कान-नाक-घसातज्ज्ञ उपलब्ध हवा. नुकत्याच व्हेंटिलेटरवरून उतरलेल्या बाळाला ती सोसवेलच असे नाही, ऑक्सिजन उतरतो, हृदयाचे ठोके मंदावू शकतात. आणि बाळ शांत राहावे म्हणून झोपेचे औषध द्यावे, तर जी हालचाल पाहायची तीच मंदावते. परिणामी ही तपासणी पुढे ढकलली जाते, आणि तोवर दूध सुरू झालेले असते.

सोनोग्राफीचे यंत्र हृदय आणि फुफ्फुसे पाहण्यासाठी आमच्या हाताशी असतेच. बारीक, सपाट, जास्त वारंवारतेचा प्रोब भरपूर जेल लावून गळ्याच्या पुढच्या बाजूला, स्वरयंत्राच्या कूर्चेवर आडवा आणि अगदी हलका टेकवायचा. प्रौढांमध्ये, विशेषतः उतारवयातल्या पुरुषांमध्ये, या कूर्चेत चुना साठून ध्वनिलहरी अडतात. मुलांची कूर्चा मऊ असल्यामुळे आतले स्पष्ट दिसते, हे या तपासणीचे मोठे बळ आहे. पडद्यावर दोन स्वरतंतू दाराच्या दोन झडपांसारखे दिसतात आणि त्यांच्या मागच्या टोकांना कूर्चेचे दोन ठळक उंचवटे. बाळ श्वास आत घेते तेव्हा दोन्ही झडपा दूर होतात, रडते तेव्हा जवळ येतात. एक बाजू लुळी असेल तर एकच उंचवटा सरकतो आणि दुसरा जागच्या जागी राहतो. हा फरक एकदा नीट पाहिला की विसरता येत नाही. किरणोत्सर्ग नाही, भूल नाही, आई शेजारी उभी राहू शकते आणि हवी तितक्या वेळा तपासणी पुन्हा करता येते.

तरीही या तपासणीकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. श्वासनलिकेत नळी असताना स्वरतंतू तिच्याभोवती अडकलेले असतात, त्यामुळे खात्रीचा निवाडा नळी काढल्यावरच करता येतो. अगदी लहान बाळाची मान आखूड असते, कधी गळ्यावर ड्रेसिंग असते, आणि हवेमुळे चित्रात खोट्या रेषा उमटतात. बाळ जोराने रडत असेल तर प्रोबच हलतो आणि लुळी बाजू हलल्याचा भास होतो. शिवाय स्वरतंतू हलत नाही एवढे कळले, तरी नस दुखावली आहे की सांधा आखडला आहे, हे सोनोग्राफी सांगत नाही. दूध फुफ्फुसात जात नाही, अशी हमीही ती देत नाही. हालचाल सदोष वाटली, चित्र अस्पष्ट आले, किंवा चित्र चांगले असूनही बाळाला श्वासाचा त्रास होत असेल, तर दुर्बीण टाळता येणार नाही. बघणाऱ्याचा हात आणि डोळा तयार नसेल, तर निरोगी मुलाला रोगी आणि रोगी मुलाला निरोगी ठरवले जाईल. म्हणून शिकाऊ डॉक्टरांनी सुरुवातीला दुर्बिणीच्या तपासणीबरोबरच सोनोग्राफी करून दोन्ही निष्कर्ष ताडून पाहावेत, आणि हे बालअतिदक्षतेच्या प्रशिक्षणात रीतसर शिकवले जावे.

पालकांनाही हे ठाऊक असावे. रडण्याचा आवाज बदलला आहे, दूध पिताना बाळ दमते किंवा श्वास घेताना कर्कश आवाज येतो, असे आई सांगते तेव्हा ते केसपेपरवर लिहिले गेले पाहिजे. एका बाजूचा लुळेपणा असलेल्या अनेक मुलांमध्ये काही महिन्यांत सुधारणा होते, आणि तोवर नाकातल्या नळीने किंवा दाटसर करून दूध द्यावे लागू शकते. त्यामुळे डिस्चार्ज कार्डावर कोणती बाजू हलत नव्हती, तपासणी कोणत्या दिवशी आणि कशाने केली, आणि पुढची कधी करायची, या नोंदी स्पष्ट असाव्यात, म्हणजे पुढच्या भेटीत दुसऱ्या डॉक्टरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

आपला विश्वासू,
एक बालअतिदक्षतातज्ज्ञ