अहमदाबादला गेलेच नव्हते

भुज, १ जून २०२५

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला गेले की आई मध्येच रडणार आणि बाबा 'बरं, बरं' म्हणत फोन ठेवणार, म्हणून लिहितेय. आईची बीपीची गोळी घेऊन झाली असेल तरच पुढे वाचा.

मे महिन्यात पाकिस्तानशी लढाई चालली त्या चार दिवसांत मी अहमदाबादला नव्हते. भुजलाच होते. मैत्रिणीकडे पोचले, जेवले, आता झोपते, असं जे जे सांगितलं ते सगळं खोटं. नेट नाही म्हणून व्हिडिओ कॉल लागत नाही, हेही खोटं. ब्लॅकआउटच्या अंधारात तोंड दाखवलं असतं तर आईने लगेच ओळखलं असतं.

तिकीट काढलं होतं, हे मात्र खरं. ८ मेच्या रात्रीच्या बसचं. विमानतळ बंदच होता. पण बाबा, आमच्या बँकेची तिजोरी दोन चाव्यांनी उघडते, हे मी तुम्हाला नोकरी लागली तेव्हाच सांगितलं होतं. दुसरी चावी ज्यांच्याकडे असते त्या मॅडमचं बाळ आठ महिन्यांचं. त्या गावी गेल्या नि त्यांची चावी मॅनेजरसाहेबांनी घेतली. माझी घ्यायला कुणी उरलं नव्हतं. आणि शाखा आहे माधापरला, भुजला लागूनच. घराघरातलं कुणीतरी लंडनला नाहीतर नैरोबीला, पैसा सगळा इथे ठेवलेला. एवढ्याशा गावात डझनावारी बँका आहेत. अशा वेळी लोकांना हातात रोकड हवी असते. तिजोरीच उघडली नाही तर काय गोंधळ होईल, तुम्हीच सांगा. बसचं तिकीट रद्द केलं. त्याचे पैसे अजून आलेले नाहीत.

९ तारखेच्या रात्री भोंगा झाला, वीज गेली. थोड्या वेळाने लांबून धाड् असा आवाज आला. आणि गंमत सांगू? मी नुसती कूस बदलली. झोपेत डोक्याने परस्पर ठरवलं, देवळालीला फायरिंग चालू आहे. विहितगावच्या घरात लहानपणापासून खिडक्यांची तावदानं थरथरताना ऐकलेली. तोफांचा सराव चालू असला तरी आईची फोडणी काही थांबत नाही. दुसरा आवाज झाला तेव्हा लक्षात आलं, इथे कुठली देवळाली?

मग उठले आणि स्वयंपाकघरात पाण्याच्या पिंपाला टेकून बसले. चावी मुठीत. मे महिन्यात दात वाजत होते. बाथरूम गॅलरीच्या टोकाला आहे, तिथवर जायची हिंमत होईना. पहाटेपर्यंत तशीच बसून राहिले.

२०२२ साली कॅप्टन अभिलाषा बराक यांना आपल्या नाशिकमध्येच आर्मी एव्हिएशनचे विंग्ज मिळाले, सैन्यातली पहिली महिला लढाऊ वैमानिक म्हणून. ती बातमी मी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवली होती. बाबा म्हणाले, "पोरगी धाडसी आहे." आई म्हणाली, "तिच्या आईला विचारा." पिंपाला टेकून बसले तेव्हा हेच आठवत होतं, आणि त्यातलं आईचं वाक्य जास्त.

पण हे सगळं लिहायला बसले ते खरं एका बांमुळे. इथे म्हाताऱ्या बायकांना बा म्हणतात. त्याच ९ तारखेला सकाळी शाखेत ही गर्दी. सगळे पैसे काढायला आलेले आणि या बा पासबुकात नोंदी करून घ्यायला! मी म्हटलं, बा, आज कशाला आलात, घरी बसा. त्या म्हणाल्या, एकाहत्तरमध्ये बसले नाही, आता कशाला बसू?

तुम्हाला ठाऊक असेल. ८ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी विमानांनी भुजच्या धावपट्टीवर नेपाम हे आगलावे बॉम्ब टाकले. पट्टी उखडली, विमानं उडेनात. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, म्हणजे आपलेच मराठी. हाताशी मजूर नव्हते. मग गावच्या बाया आल्या, तीनशेच्या आसपास, बहुतेक माधापरच्या. बहात्तर तासांत पट्टी पुन्हा उभी केली. वरून दिसू नये म्हणून ती शेणाने सारवली, अंगावर हिरवट साड्या. भोंगा झाला की झुडपांत पळायचं, तो थांबला की पुन्हा घमेलं उचलायचं. बांच्या लग्नाला तेव्हा वर्षच झालं होतं. सासूने जाऊ कसं दिलं, असं विचारलं तर म्हणाल्या, सासूही घमेली वाहत होती. आणि भीती? त्या म्हणाल्या, पहिल्या दिवशी खायला काही नव्हतं, भूकच इतकी लागली होती की बाकीचं आठवत नाही.

बाबा, मग मी त्यांना तुमचा प्रश्न विचारला. खडे वेचले का? ओझरला विमानांच्या कारखान्यात, एचएएलमध्ये चौतीस वर्षं काढलीत तुम्ही. अजूनही रस्त्यात नट दिसला, खडा दिसला की उचलून खिशात घालता आणि आई तो वॉशिंग मशिनमधून काढते. एक खडा इंजिनात ओढला गेला की पाती गेली, हे माझ्या पहिलीच्या पुस्तकाआधीचं ज्ञान. बांनी दोन्ही हात काउंटरवर उताणे ठेवले आणि म्हणाल्या, मग काय, हातांनीच वेचायचे. बोटांची पेरं वाकडी झालीयेत. ती तेव्हापासूनची की वयाने, कोण जाणे. सरकारकडून मिळालेलं ५०,००० रुपयांचं बक्षीस त्या बायकांनी गावच्या सभागृहाला देऊन टाकलं, हे मी एक बँकवाली म्हणून मुद्दाम सांगतेय.

पासबुक छापून दिलं. त्यांनी चष्मा लावून व्याजाची ओळ दोनदा तपासली आणि गेल्या. त्याच रात्री मी पिंपापाशी बसले होते, हे त्यांना सांगायला मला अजून लाज वाटते. १० तारखेला संध्याकाळी शस्त्रसंधी जाहीर झाली तरी रात्री पुन्हा अंधार केला होता. त्या रात्री मात्र मी बाथरूमपर्यंत गेले. दोनदा.

आता रागवा. हवं तेवढं. पण बाबा बाथरूममध्ये घसरून पडले, हे मला पंधरा दिवसांनी कळलं होतं, तेही शेजारच्या काकूंकडून. तेव्हा 'सगळं ठीक' कोण म्हणत होतं, आई?

कालिकामातेला बोललेला नारळ फोडू नका, पुढच्या महिन्यात रजा मिळाली की मी येऊन फोडते. तोवर बाबांनी माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढू नये.

तुमची,
मनू