डोंबिवली स्थानकावर सुचलेली संख्या

महोदय,

डोंबिवली स्थानकाचे नाव वर्तमानपत्रात येते ते गर्दीमुळे. गणितातही या स्थानकाचे नाव आहे, हे मात्र रोज इथून लोकल पकडणाऱ्या आम्हांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांना काही खास संख्यांचा विचार इथेच सुचला. जी.आय.पी. रेल्वेच्या (आजच्या मध्य रेल्वेच्या) काळात स्थानकाला 'डेमलो' म्हणत, म्हणून त्या 'डेमलो संख्या'.

त्यांतलीच एक पाहा: नऊ वेळा १ लिहून त्या संख्येचा वर्ग करा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी, म्हणजे परार्धाच्या (१ वर सतरा शून्ये) एकच घर अलीकडे! उलटी वाचली तरी तीच. अंकांची बेरीज ८१, आणि संख्येला ८१ ने निःशेष भागही जातो. कारण १११११११११ ला ९ ने भाग जातो, मग तिच्या वर्गाला ९ च्या वर्गाने जाणारच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना 'हर्षद' म्हणतात. हे गोड नावही कापरेकरांनीच दिलेले. दहा वेळा १ घेतला की मध्ये हातचा येतो आणि अंकांची ही सुंदर चढ-उतर मोडते. ती कुठे मोडते हे मुलांनी कागदावर गुणाकार करूनच शोधावे, कॅल्क्युलेटर नको.

रेल्वेला माझी कळकळीची विनंती आहे. १७ जानेवारीला, कापरेकरांच्या जन्मदिनी, ही सतरा अंकी संख्या त्यांच्या नावासह डोंबिवलीच्या फलाटावर ठळक अक्षरांत लावावी.

- एक वाचक, डोंबिवली (पूर्व)